प्रश्न तुमचे : सोयाबीनचे पैसे आणि खर्चाचं अ‍ॅप

प्रश्न : मी साखरखेर्ड्याची. चिखलीला बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, दोन मैत्रिणींसोबत खोली करून राहते. शेवटच्या सत्राच्या प्रकल्पासाठी कॉलेजातल्या मुलामुलींच्या खर्चाच्या सवयी नोंदवणारं मोबाइल अ‍ॅप करायचं ठरवलंय. प्ले स्टोअरवरची असली अ‍ॅप्स उतरवून पाहिली. सगळी सुरुवातीलाच महिन्याचं बजेट विचारतात. आमच्याकडे पैसे महिन्याला येतच नाहीत. बाबांनी सोयाबीन विकलं की येतात, कधीतरी शिष्यवृत्ती एकदम जमा होते, मधे शुकशुकाट. अशांसाठी अ‍ॅपमध्ये काय ठेवावं, काय टाळावं? आणि बँकेचे एसएमएस वाचून खर्च आपोआप नोंदला जाईल असं करावं का? — एक विद्यार्थिनी, साखरखेर्डा

उत्तर : तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच दिलंय. महिन्याचं बजेट ही पगारदाराची सोय. एक तारखेला पगार, तीस तारखेला खडखडाट, असं ज्याचं आयुष्य आहे त्याच्यासाठी ती अ‍ॅप्स बनली. सिंदखेडराजा तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरात पैसा पिकाच्या तालावर येतो. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे, तूर जानेवारी-फेब्रुवारीत, हरभरा त्यानंतर. त्यातही तारीख पक्की नसते. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. बाजारात त्याहून कमी भाव निघत असेल तर माल घरात पडून राहतो आणि चिखलीत बसलेल्या मुलीचा हप्ता लांबतो. शिष्यवृत्तीही महाडीबीटीवरून थेट खात्यात येते, पण येईल तेव्हा येते.

म्हणून पहिल्या पडद्यावर महिना विचारूच नका. तीन गोष्टी विचारा : आत्ता हातात आणि खात्यात मिळून किती आहेत, त्यातले ठरलेले देणे किती, आणि पुढचे पैसे लवकरात लवकर व उशिरात उशिरा कधी येतील. शेवटच्या प्रश्नाला दोन तारखा घ्यायच्या, एक नाही. समजा तुमच्याजवळ ३,८०० रुपये आहेत. मेसचे १,८०० आणि अभ्यासिकेचे ५०० द्यायचेत. उरले १,५००. पैसे वीस दिवसांत आले तर रोजचे ७५ परवडतात; तीस दिवस लागले तर ५०. अ‍ॅपने एवढंच दाखवावं : ‘आज ५० ते ७५’. ज्या दिवशी तुम्ही १२० खर्च कराल, त्या दिवशी तांबडा रंग, भोपू, ‘बजेट ओलांडले’ असली शिक्षा नको. दुसऱ्या दिवशीचा आकडा आपोआप खाली सरकेल, तेवढं पुरे. खर्च करणाऱ्याला रोज दोषी ठरवणारं अ‍ॅप आठवड्यात फोनमधून काढून टाकलं जातं, आणि काढून टाकलेल्या अ‍ॅपला सवयी कळत नाहीत.

आता खर्चाची सदरं. बाहेरच्या अ‍ॅपमध्ये ‘जेवण’, ‘प्रवास’, ‘मनोरंजन’, ‘खरेदी’ अशी छान चित्रं असतात. तुमच्या खोलीतल्या मुलींना विचारून पाहा, त्यांचे पैसे खरोखर कुठे जातात. मेस किंवा डबा, खोलीभाडं, एसटीचा पास, रिचार्ज, झेरॉक्स, चहा-नाश्ता, कुणाच्या वाढदिवसाची काँट्री, आणि एक सदर जे मी कोणत्याही परदेशी अ‍ॅपमध्ये पाहिलेलं नाही : भरतीच्या फॉर्मची फी. २०२३ च्या तलाठी भरतीला खुल्या प्रवर्गासाठी १,००० आणि राखीव प्रवर्गासाठी ९०० रुपये शुल्क होतं. तलाठी, वनरक्षक, जिल्हा परिषद, पोलीस असे चार-पाच अर्ज एका हंगामात भरले, त्यात परीक्षा केंद्रापर्यंतचं जाणं-येणं धरलं, तर तो आकडा बऱ्याचदा चहा-नाश्त्याच्या कितीतरी पुढे जातो. बुलडाणा जिल्ह्यातल्या पदवीच्या मुलामुलींच्या सवयी शोधायच्या आणि हे सदर ठेवायचं नाही, म्हणजे नदीवर पूल बांधताना पाणीच न मोजण्यासारखं. एसटीच्या सवलतीही लक्षात घ्या. विद्यार्थी पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे, मार्च २०२३ पासून महिलांना साध्या तिकिटात ५० टक्के. एकाच वर्गातल्या मुलाचा आणि मुलीचा प्रवासखर्च त्यामुळे सारखा असणार नाही, आणि अ‍ॅपने दोघांची तुलना करून ‘तुम्ही सरासरीपेक्षा जास्त खर्च करता’ असं सांगणं मूर्खपणाचं ठरेल.

शिवाय घरून येणारा शिधा. गावाहून आलेली ज्वारी, डाळ, लोणचं, आईने दिलेला चिवड्याचा डबा यांचे पैसे जात नाहीत, पण हे सगळं येतं म्हणून तर बाकीचे पैसे पुरतात. हे नोंदवायचं का? सरकारी पाहणी करणाऱ्यांनी हा प्रश्न फार आधी सोडवलाय. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या कौटुंबिक खर्चाच्या सर्वेक्षणात घरच्या शेतात पिकून घरात खाल्लेल्या धान्याचीही किंमत लावतात, आणि ती बाजारातल्या किरकोळ भावाने नाही, शेतावरच्या भावाने. तुमच्या अ‍ॅपला एवढी बारकाई नको. ‘घरून आलं’ अशी एक खूण पुरेल, किंमत न घालता. पण ती खूण नसेल तर गावाकडून शिधा येणारी मुलगी ‘काटकसरी’ आणि सगळं विकत घेणारी ‘उधळी’ दिसेल, आणि दोन्ही खोटं असेल.

या पाहणीवाल्यांकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे आणि ती मला तुमच्या प्रकल्पासाठी सगळ्यात मोलाची वाटते. माणसाला ‘तू किती खर्च केलास?’ हे विचारताना किती दिवसांचं विचारावं, यावर आपल्या देशात मोठा वाद झालाय. १९९९-२००० च्या फेरीत अन्नाच्या खर्चासाठी सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असे दोन्ही आकडे एकाच कागदावर शेजारीशेजारी विचारले. एका रकान्याचं उत्तर दुसऱ्यावर सावली टाकू लागलं, आणि गरिबी किती घटली याचे त्या फेरीतले आकडे आधीच्या फेऱ्यांशी जुळवता येईनात. अर्थशास्त्रज्ञ त्यावर वर्षानुवर्षं भांडले. नंतरच्या पाहण्यांत, २०२२-२३ च्या पाहणीतही, वस्तूनुसार काळ वेगळा ठेवला : भाज्या, फळं, अंडी-मांस, चहा-पेयं, तयार खाणं यांसाठी मागचे सात दिवस, कपडे, पादत्राणं, शिक्षण, टिकाऊ वस्तू यांसाठी मागचं वर्ष, उरलेल्यांसाठी तीस दिवस. कारण उघड आहे. मागच्या महिन्यात किती वेळा वडापाव खाल्ला हे कुणी सांगू शकत नाही, आणि मागच्या आठवड्यात किती कॉलेज-फी भरली हे विचारून काही कळत नाही.

तुमच्या अ‍ॅपमध्ये हे असं उतरवा. चहा, नाश्ता, झेरॉक्स, रिक्षा यांची नोंद त्याच क्षणी, तीन-चार सेकंदांत व्हावी : अ‍ॅप उघडलं की थेट आकड्यांचा फलक, रक्कम, एका सदरावर बोट, संपलं. फी, पुस्तकं, मोबाइल, चपला, फॉर्म हे वर्षाच्या हिशोबात जावं. नाहीतर जूनमध्ये प्रवेश-फी भरलेल्या दिवशी तुमचा आलेख असा उडी मारेल की पुढचे सगळे दिवस त्याच्या पायाशी सपाट दिसतील, आणि सवय म्हणतात ती तर त्या सपाटीतच लपलेली असते.

एसएमएसबद्दल. मोह पडण्यासारखा मार्ग आहे, कारण माणसाला काहीच लिहावं लागत नाही. पण अडचणी तीन, आणि त्या चढत्या क्रमाने गंभीर आहेत.

पहिली अडचण साधी तांत्रिक. २०१८ च्या अखेरीस गूगलने धोरण बदललं आणि २०१९ पासून प्ले स्टोअरवरच्या अ‍ॅपना एसएमएस वाचायची परवानगी सहज मिळेनाशी झाली. खर्च नोंदवणाऱ्या अ‍ॅपना अपवाद म्हणून अर्ज करता येतो, कारण पटवून द्यावं लागतं. प्रकल्पापुरतं मैत्रिणींच्या फोनमध्ये थेट टाकलंत तर चालून जाईल.

दुसरी अडचण अशी की विद्यार्थ्यांचा खर्च एसएमएसमध्ये येतच नाही. जून २०२४ पासून एचडीएफसी बँकेने १०० रुपयांपर्यंतच्या यूपीआय खर्चाचे एसएमएस बंद केले. त्याआधी, सप्टेंबर २०२२ मध्ये, यूपीआय लाइट आलं. त्यात पिन न टाकता छोटी रक्कम देता येते. आता एका वेळी १,००० पर्यंत आणि पाकिटात एकूण ५,००० पर्यंत मुभा आहे. लाइटमध्ये पैसे भरल्याची नोंद पासबुकात दिसते, पण त्यातून दिलेल्या दहा-दहा रुपयांच्या चहाची नोंद तिथे येत नाही. वर रोख पैसे, वर उधारी, वर काँट्री. म्हणजे एसएमएस वाचणाऱ्या अ‍ॅपला रिचार्ज आणि खोलीभाडं दिसेल, आणि नेमकं ज्याला सवय म्हणायचं तेवढं निसटेल. तुम्ही एखादीला आलेख दाखवाल आणि ती म्हणेल, अगं हे सगळं मला माहीतच होतं.

काँट्रीचंही एक तंत्र आहे. तिघींच्या जेवणाचे ३६० तुम्ही दिले, दोघींनी नंतर १२०-१२० पाठवले. बँकेच्या नजरेत ३६० खर्च आणि २४० उत्पन्न. खरा खर्च १२०. अ‍ॅपने ‘परत येणं बाकी’ असा वेगळा कप्पा ठेवला नाही, तर सढळ हाताने आधी पैसे देणारी मुलगी कायम उधळी ठरेल आणि पैसे बुडवणारी शहाणी.

तिसरी अडचण मालकीची. इथे पुण्याचंच उदाहरण घेऊ. वॉलनट नावाचं अ‍ॅप पुण्यात २०१४ च्या सुमारास सुरू झालं. बँकेचे एसएमएस वाचायचे, खर्च आपोआप सदरांत लावायचा, महिन्याचा हिशोब दाखवायचा. काम इतकं चोख होतं की लाखो लोकांनी ते वापरलं. २०१८ मध्ये कॅपिटल फ्लोट या कर्ज देणाऱ्या कंपनीने ते विकत घेतलं. त्या कंपनीचं नाव पुढे अ‍ॅक्सिओ झालं. या सौद्यात गैर काही नव्हतं, आणि व्यापाराच्या बाजूने पाहिलं तर तो अटळच होता. खर्चाची फुकट वही चालवणाऱ्याला उत्पन्न कुठून येणार? ज्याला माणसाची पैशाची चणचण कोणत्या तारखेला सुरू होते हे माहीत आहे, त्याच्या माहितीचं मोल सावकाराइतकं दुसऱ्या कुणाला असणार? खर्चाचं अ‍ॅप शेवटी कर्जाच्या दारात जाऊन बसण्याची ओढ त्या धंद्यातच आहे, चालवणारा कितीही सज्जन असो.

तुमचा प्रकल्प आहे, धंदा नाही. त्यामुळे तुम्हाला एक गोष्ट करता येते जी कंपन्यांना परवडत नाही : सगळी माहिती फोनमध्येच ठेवा. एसक्यूलाइट पुरेसं आहे, सर्व्हर लागत नाही. आणखी पुढे जा, अँड्रॉइडच्या मॅनिफेस्टमध्ये इंटरनेटची परवानगीच लिहू नका. ती नसली की अ‍ॅप थेट कुठेही काही पाठवू शकत नाही, तुमची इच्छा झाली तरी. फोनची आपोआप बॅकअप घ्यायची सोयही तिथेच बंद करा, म्हणजे मागच्या दाराने वही ढगात जायची नाही. परीक्षकांसमोर हे ठळकपणे सांगा. बहुतेक जण ‘क्लाउड कुठाय?’ विचारतील, तेव्हा मान ताठ ठेवून उत्तर द्या. अहवालासाठी आकडे लागतीलच. ज्या मैत्रिणी तयार असतील त्यांनी स्वतःच्या हाताने फक्त सदरवार बेरजा एका फाइलमध्ये काढून द्याव्यात, नाव आणि तारखा वगळून.

कायद्याचंही भान ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना बालक मानलंय. त्यांची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळणी होईल अशी संमती लागते, आणि त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवण्याला मनाई आहे. कनिष्ठ महाविद्यालयातली अकरावी-बारावीची मुलं यातच येतात. चाचणीसाठी फक्त पदवीची, अठरा पूर्ण झालेली मुलं घ्या.

एक छोटी तांत्रिक सूचना, कारण बीसीएचे प्रकल्प इथे हमखास आपटतात : रक्कम दशांशात साठवू नका. संगणकाला ०.१ आणि ०.२ ची बेरीज अचूक ०.३ येत नाही. सगळं पैशांत, पूर्णांकात साठवा. साडेबारा रुपये म्हणजे १२५०. दाखवताना शंभराने भागा.

आणि रोखीच्या नोंदीला यूपीआयपेक्षा खालचा दर्जा देऊ नका. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी विद्यार्थ्यांना बास्केटबॉलच्या तिकिटांसाठी बंद पाकिटात बोली लावायला सांगितली. ज्यांना पैसे क्रेडिट कार्डाने द्यायचे होते त्यांची सरासरी बोली रोख देणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. स्कॅनरवर फोन धरणाऱ्या आपल्या मुलांचं असंच होतं का, हे चिखलीत कुणी तपासलेलं नाही. तुमच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक नोंदीसोबत ‘रोख / यूपीआय / उधार’ एवढी एक खूण असेल, तर निदान तुमच्या वर्गापुरतं ते तुम्हीच पहिल्यांदा पाहाल.

प्रश्न : माझा मुलगा छत्रपती संभाजीनगरला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दर वेळी ‘पैसे संपले’ एवढंच सांगतो. त्याचा प्रत्येक खर्च मला माझ्या फोनवर दिसेल असं एखादं अ‍ॅप आहे का? — एक पालक, देऊळगाव राजा

उत्तर : आहे, आणि वेगळं उतरवावंही लागणार नाही. ऑगस्ट २०२४ पासून ‘यूपीआय सर्कल’ नावाची सोय आहे. तुमच्या खात्यातून खर्च करण्याची मुभा तुम्ही मुलाला देता. पूर्ण मुभा दिली तर महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका वेळी ५,००० पर्यंत. अर्धी मुभा दिली तर तो प्रत्येक वेळी विनंती पाठवेल आणि तुम्ही मंजूर कराल तेव्हाच पैसे जातील. दोन्हींत तुम्हाला सगळं दिसतं.

तरी माझं मत विचाराल तर अर्धी मुभा देऊ नका. कॅन्टीनच्या काउंटरवर मित्रांसमोर उभं राहून वडिलांच्या होकाराची वाट पाहायची वेळ एकोणीस वर्षांच्या मुलावर आणलीत, तर तो दुसऱ्या दिवसापासून मित्राकडून उसने घेईल. मग तुम्हाला दिसेल ती यादी स्वच्छ असेल आणि खरी नसेल. पूर्ण मुभेतही तुम्हाला फक्त दुकानाचं नाव आणि रक्कम कळते, ‘ओम साई एंटरप्रायझेस, ३४०’. त्यावरून झेरॉक्स की पिझ्झा हे ओळखण्यात तुमची संध्याकाळ जाईल, आणि तुम्ही वाईटच अंदाज कराल.

त्याऐवजी रक्कम आणि मुदत दोघांनी मिळून ठरवा. सत्राच्या सुरुवातीला एकदम द्यायचे की पंधरवड्याने, हेही त्यालाच निवडू द्या. मुदतीच्या शेवटी त्याने फक्त पाच सदरांच्या बेरजा सांगायच्या, तपशील नाही. ‘पैसे संपले’ या वाक्याच्या जागी ‘मेस वाढली आणि दोन फॉर्म भरले’ असं आलं की पुढचं बोलणं वेगळं होईल. तो खोटं सांगणार नाही कशावरून, असं तुम्ही म्हणाल. सांगूही शकतो. पण पाळतीतही सांगू शकतो, तिथे फक्त जास्त हुशारीने.

प्रश्न : एवढ्या भानगडीपेक्षा खर्च वहीत लिहिला तर काय वाईट? आमचे आजोबा दुकानाची कीर्द रोज रात्री लिहीत. — एक वाचक, मेहकर

उत्तर : काहीच वाईट नाही, आणि वर ज्या विद्यार्थिनीने विचारलंय तिलाही मी आधी वहीच घ्यायला सांगेन. कोड लिहिण्यापूर्वी दहा-बारा जणींनी दोन आठवडे साध्या वहीत खर्च लिहावा, सदरं न ठरवता, जो शब्द सुचेल त्या शब्दात. त्या वह्यांतून सदरं आपोआप निघतील, आणि ती तिच्या किंवा माझ्या डोक्यातून निघालेल्यांपेक्षा नक्की बरी असतील. अ‍ॅप तयार झाल्यावर त्यांतल्या तिघीचौघींनी आठवडाभर वही आणि अ‍ॅप दोन्ही चालवावं. वहीत आहे आणि अ‍ॅपमध्ये नाही, अशी प्रत्येक नोंद लाल पेनाने खुणवायची. कुठलं बटण चुकीच्या जागी आहे, कुठलं सदर सापडत नाही, कुठल्या वेळी फोन काढायची लाज वाटते, हे त्या लाल खुणांवरून कळेल.

वहीचा एक तोटा मात्र आहे : ती खोलीत राहते आणि चहा बाहेर पितात. आजोबांची कीर्द गल्ल्याच्या शेजारी असायची.